टिंबसरांचा वृत्तालेख

चौथीला आलेख शिकवणाऱ्या सरांना मुलं टिंबसर म्हणत. चित्रालेख असो, स्तंभालेख असो, सरांच्या वर्गात रंगपेटी बंद. एका स्तंभात टिंबं, दुसऱ्यात तिरक्या रेघा, तिसऱ्यात चौकटी. "रंगांचं काय, आज आहेत, उद्या उडतील. टिंब कधी उडतं का?" असं ते ठासून सांगत आणि मुलांना ते पटेही.

खरं कारण एकट्या बायकोला ठाऊक होतं. सरांना लाल आणि हिरवा सारखेच दिसत. लहानपणी त्यांनी चित्रातल्या झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली, तेव्हा अख्खा वर्ग खदाखदा हसला होता. ते हसू जे मानगुटीवर बसलं ते उतरलंच नाही.

आता तर नोकरीच पणाला लागली होती. इतकी वर्षं हंगामी राबल्यावर कायम होण्याची वेळ आली होती, आणि नव्या मुख्याध्यापिका आज त्यांचा तास बघायला येणार होत्या. शिकवायचा होता वृत्तालेख, म्हणजे भाग पाडलेलं वर्तुळ, तोही रंगीत तक्त्यावरून. बायकोनं सकाळीच तक्ता पसरून प्रत्येक रंगावर पेन्सिलीनं त्याचं आद्याक्षर बारीक लिहिलं.

"एवढं काय घाबरायचं? बाई काय खाणार आहेत तुम्हाला?"

"खाणार नाहीत गं, घरी बसवतील."

मुख्याध्यापिका आल्या त्या काखेत गुंडाळी घेऊनच. "तो जुना तक्ता राहू द्या, सर. हा बघा, नवा कोरा." त्यांनी स्वतःच तो फळ्यावर लावला आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. 'सुट्टीत मुलांना काय आवडतं?' असं वर छापलेलं. शेजारी वाचन, चित्रकला, पोहणं, मैदानी खेळ ही नावं आणि प्रत्येकापुढे रंगाचा ठिपका. वर्तुळात मात्र सरांना भाग दिसत होते तीन. एक निळा, एक पिवळा आणि उरलेला एक मोठा, मातकट. चौथा गेला कुठे? घामानं सदरा पाठीला चिकटला. मग त्यांना युक्ती सुचली. आपण बोलायचंच नाही, पोरांकडून वदवून घ्यायचं.

"मुंगळ्या, तू ये. वाच बरं."

काटकुळा मुंगळा टुणकन पुढे आला. त्यानं वर्तुळ पाहिलं, ठिपके पाहिले, पुन्हा वर्तुळ पाहिलं. "खेळ सगळ्यांत जास्त, सर. अर्ध्याच्याही वर. आणि पोहायला कुणालाच आवडत नाही."

वर्गात हशा फुटला. "अरे, एवढा मोठा हिरवा भाग आहे की! आंधळा आहेस का?"

"लक्ष कुठे आहे तुझं?" मागून मुख्याध्यापिकांचा आवाज आला. "चौथीत आलास, साधे रंग ओळखता येत नाहीत?"

मुंगळ्याचे कान तापले. त्यानं तक्त्याला नाक लावलं, बोटानं चाचपलं. पोहणं काही सापडेना. ओठ थरथरायला लागले.

सर जागच्या जागी थिजले. पोराची काहीच चूक नव्हती. तेही हेच वाचणार होते, अक्षरशः हेच. गप्प बसले तर तास निभावणार होता, नोकरीही. "बस जागेवर" एवढंच म्हणायचं होतं. पोरं अजून हसतच होती.

"मॅडम," सर म्हणाले, आणि आवाज इतका चिरका निघाला की त्यांनाच ओळखू येईना. "तो बरोबर सांगतोय. मलाही तिथे एकच भाग दिसतो. लाल-हिरवा सारखेच दिसतात, लहानपणापासून."

हसणं थांबलं. मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. "तास संपला की ऑफिसात या," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सरांना काहीही वाचता येईना.

"हो, मॅडम."

मुंगळ्यानं बाहीनं नाक पुसलं. "सर, तुम्हाला पण हसायचे?"

"हो रे."

"अजून भीती वाटते?"

सरांनी खडू उचलायला हात पुढे केला. मग खडू तिथेच ठेवून ते सगळ्या वर्गाकडे वळले.

"वाटते," ते म्हणाले.