आरशातली गाडी

ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबी आमचे आई-दादा मिळून एक कोयता. नवरा-बायको, दोन माणसं, चार हात, पण मोजायचा एकच कोयता. दिवाळीच्या पणत्या काढून ठेवायच्या आत ट्रक वस्तीवर येऊन उभा राहायचा. त्यात भांडी, ज्वारीचं पोतं, चार कोंबड्या, धाकटा भाऊ आणि मी. पुढचे पाच-सहा महिने कुठल्या तरी साखर कारखान्याच्या भागात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. आई-दादा अंधारात उसाच्या फडात गेले की भाऊ माझ्या कडेवर. पाणी मी आणायचं, भाकरी मी थापायच्या. शाळा मागं नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात राहायची. आम्ही परतायचो तोवर उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. मी नापास कधी झाले नाही. मला दर वर्षी वर ढकलायचे.

कुणी हळहळावं म्हणून हे सांगत नाही. हळहळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्या वयात मला काय हवं होतं ते कळावं, एवढ्यासाठी सांगते. मला एक लाल गाडी चालवायची होती. टीव्हीतली.

मी सहावीत होते त्या पावसाळ्यात मुकादमाच्या घरी व्हिडिओ गेम आला. त्यांच्या पोराला त्याच्या मामानं पुण्याहून आणून दिलेला. काळा डबा, वायरीचा रिमोट, वरून खोचायची पिवळी कॅसेट. टीव्हीला जोडला की गाड्यांची शर्यत. तीन फेऱ्या मारायच्या, वेळ संपायच्या आत. मुकादमाचं पोरगं माझ्याहून दोन वर्षांनी मोठं. त्याचे तीन-चार दोस्त शाळा सुटली की तिथंच पडलेले असायचे.

मी भावाला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर बसायची. आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि आम्ही विचारायची पद्धत नव्हती. टीव्हीची पाठ दाराकडं होती. मला फक्त डबा आणि वायरी दिसायच्या. पण समोर, पोरांच्या मागच्या भिंतीला, लोखंडी कपाट होतं आणि कपाटाला उंच आरसा. आरशात सगळा टीव्ही दिसायचा. मी दोन महिने तो आरसा पाहिला.

पहिलं वळण उजवं. मग लांब सरळ रस्ता, झाडी. मग डावं, पुन्हा डावं, पूल, आणि पुलानंतर अवघड उजवं. तिथं सगळे मरायचे. गाडी वळली की पोरं पण अंगानं त्याच बाजूला झुकायची. ती माझ्याकडं तोंड करून बसलेली, त्यामुळं माझ्या उजव्या हाताला झुकायची. आरशातली गाडीही उजवीकडंच जायची. सगळं जुळत होतं. शंका यावी कशी? कोपऱ्यातली अक्षरं वेगळीच दिसायची, पण मला वाटायचं, इंग्रजी असेल. माझं इंग्रजी दर वर्षी दिवाळीपर्यंतच चालायचं.

त्या वर्षी फडावर मी ती गाडी रोज चालवली. हंडा घेऊन बांधावरून येताना, मोळ्यांनी भरलेल्या बैलगाडीवर बसताना. उजवं, डावं, डावं, पूल, उजवं. आई विचारायची, "काय पुटपुटतीस गं?"

"पाठांतर हाय."

"कर बाई, कर. तेवढंच कामाला यील."

गावी परतलो त्याच दिवशी संध्याकाळी मी मुकादमाच्या दारात. पोरगं त्याच पुलाच्या पुढं आपटलं आणि रिमोट भिरकावला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला समदी वळणं पाठ हायेत."

सगळे थांबले. "पाठ हायेत? तुला?" मुकादमाचं पोरगं म्हणालं. "बगा बे, मास्तरीण आली! ये मग आत. चालव."

भावाला उंबऱ्यावर बसवलं. पाय परकराला पुसले. आत जाऊन त्या गार फरशीवर बसले. रिमोट त्याच्या हातानं गरम झालेला होता. शर्यत सुटली. पहिलं वळण आलं आणि मी उजवं बटण दाबलं.

रस्ता डावीकडं गेला. गाडी झाडात.

पुन्हा सुटले. पुन्हा उजवं. पुन्हा झाडात. डोळ्यांना रस्ता दिसत होता, पण अंगठा सहा महिने पाठ केलेलंच करत होता. पोरं फरशीवर लोळून हसत होती. आतून मुकादमाची बायको ओरडली, "कोण आलंय रं आत?" पोरानं रिमोट ओढून घेतला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

मी उंबऱ्याबाहेर जाऊन बसले. पोरानं पुन्हा शर्यत लावली. सवयीनं आरशात पाहिलं, आणि पहिलं वळण उजवीकडं गेलं. तेव्हा कळलं.

"आरशात उलटं दिसतंय!" मी ओरडले. "म्हणून चुकलं. आता एक डाव द्या, आता जमंल."

"आरशात बगून शिकली ही!" एक दोस्त म्हणाला. "रिवर्स गाडी!"

"आता पुढच्या वर्षी, रिवर्स," मुकादमाचं पोरगं म्हणालं. "नंबर लाव जा."

पुढच्या वर्षी तो डबा जळून गेला होता. नाव मात्र टिकलं. दहावीपर्यंत शाळेत मी रिवर्सच होते.

सातवीनंतर आईनं मला फडावर नेलं नाही, मावशीकडं ठेवलं. माझ्या वाट्याचं पाणी, भाकरी सगळं आईच्या अंगावर पडलं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. मी अंबाजोगाईला खोली करून बी.ए. केलं, इंग्रजी घेऊन. हट्टानं इंग्रजीच घेतलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

निकालानंतर गावानं शाळेत सत्कार ठेवला. मुकादमकी आता पोराकडं होती. त्यानंच शाल घातली आणि माईक घेतला. "मेहनत केली की मिळतंच," तो म्हणाला. "ही लहानपणी आमच्याच घरी असायची. आमच्या डोळ्यापुढं वाढली."

घरी नाही, दारात. हे मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही, त्याची चीड अजून जात नाही. मेहनतीचं म्हणाल तर सहा महिने डोक्यावर हंडा घेऊन मी ती वळणं घोकली होती. मेहनतीत कसर नव्हती. मला बसवलं कुठं होतं, ते कुणी विचारत नाही.

मागच्या दिवाळीत भाऊ पुण्याहून आला. जुन्या बाजारात त्याला तोच काळा डबा सापडला होता, पिवळ्या कॅसेटसकट. त्यानं माझ्या खोलीत टीव्हीला जोडला आणि रिमोट पुढं केला.

"घे अक्का. नंबर लागला तुझा."

पहिलं वळण आलं आणि मी उजवं दाबलं. गाडी झाडात. इतकी वर्षं गेली, पदवी झाली, नोकरी लागली, आणि अंगठा अजून त्या उंबऱ्यावर बसलेला.

"डावं, अक्का, डावं!"

"गप. मला म्हाईत हाय."

माहीत असून सकाळभर आपटले. दुपारी भाऊ जेवायला हाका मारून थकला. पुलानंतरचं वळण मी आता तोंडानं म्हणत घेत होते, डावं, डावं, डावं, जुन्या पाठांतरावर नवं पाठांतर घालत. तिसरी फेरी संपली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली आणि मी ती वाचली.

"झालं का समाधान?" भावानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. दीड मिनिटाचा खेळ होता तो. एवढाच होता.

पण तीन फेऱ्या मारल्या, कुठंही न धडकता, वेळेच्या आत. पहिला नंबर आला.