एकहाती गाडी

"बुड्ढा सच बोलरा, पर दरवाजा झूट बोलरा," खरेदीदाराबरोबर आलेला मेकॅनिक गाडीमागे वाकून पुटपुटला. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला दखनी बोली कळत नसेल, असं त्याला वाटलं असावं. पाण्याचा ट्रे हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. मग आत गेले, आणि काही कारण नसताना पुन्हा बाहेर आले.

शेंद्र्याची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्या वर्षी मोबदल्याच्या पैशातून बाबांनी ही परदेशी गाडी नवी घेतली होती. फुलंब्रीचे नातेवाईक म्हणायचे, "बघा, शेत चाललं रस्त्यानं." बाबा हसण्यावारी न्यायचे. घरात बैल उरले नव्हते, म्हणून पोळ्याला ते गाडी धुऊन तिलाच हळद-कुंकू लावायचे. ड्रायव्हर कधी ठेवला नाही. आता गुडघ्यांमुळे क्लच दाबवेना, म्हणून विकायला काढली.

जाहिरात मी इंग्रजीत लिहिली. "एकहाती आहे म्हणून लिही," बाबा म्हणाले. गाड्यांच्या बाजारात त्याचा अर्थ एवढाच, की कागदावर मालक बदललेला नाही. बाबांना मात्र खरोखरच एकच हात, त्यांचा स्वतःचा, असं म्हणायचं होतं. मला ते कळलं होतं. तरी मी बाजारातला अर्थ लिहिला आणि त्याच्या आड लपले.

तीन वर्षांपूर्वी बाबा फर्दापूरला लग्नाला गेले असताना मी गाडी बाहेर काढली होती. लायसन्स नुकतंच मिळालं होतं. मागचा डावा दरवाजा फाटकाच्या खांबाला घासला. ते परतायच्या आत एका गॅरेजवाल्यानं पुट्टी भरून रंग मारून दिला. उन्हात फरक कळत नाही, सावलीत कळतो. बाबा गाडी उन्हात धुवायचे. तेव्हापासून ती कडुनिंबाखाली लावलेली दिसली की माझा पाय घरात ठरत नसे.

"काका, रंग कंपनीचाच ना? कुठं ठोकली-बिकली नाय ना?" खरेदीदारानं विचारलं.

"कोण ठोकणार? माझ्याशिवाय दुसरा हात लागला नाय हिला. पोरीलासुद्धा चावी दिली नाय. विचारा की."

मेकॅनिकनं खिशातून लोहचुंबक काढलं. ते बोनेटला चिकटलं, पुढच्या दरवाजाला चिकटलं. मागच्या दरवाजावर ठेवलं तेव्हा घसरून त्याच्या तळहातात पडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा पलीकडच्या बाजूनं काच पुसत होते, त्यांना काहीच दिसलं नाही.

"कशाला विचारायचं, काका," खरेदीदार ओठ दाबून हसला. "तुमच्यासारख्या मोठ्या माणसाचा शब्द म्हणजे झालंच."

बाबा समाधानानं मान हलवत होते. मी ट्रे पायरीवर ठेवला.

"तो दरवाजा मी घासला होता," मी म्हणाले. "बाबांना माहीत नाही."