नानांचं एकच मैदान

नानांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं ते आषाढीच्या थोडं आधी. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यात आमचं किराणा दुकान होतं आणि नानांनी बांधलेली पुडी घरी जाईपर्यंत सुटत नाही, असं गल्लीतल्या बायका सांगायच्या. महिनाभरात पाय सावरला, जीभही वळायला लागली, पण डाव्या हाताचा अंगठा मात्र रुसून बसला. दोरा गुंडाळताना त्याच अंगठ्यानं कागद दाबून धरावा लागतो. एकदा हट्टानं गल्ल्यावर जाऊन बसले आणि गिऱ्हाइकासमोर साखरेची पुडी फुटली. उठून घरी आले ते परत दुकानाची पायरी चढेनात. मग दुकान आई बघायला लागली, आणि कॉलेज सकाळचं असल्यामुळे दुपारचे नाना माझ्या वाट्याला आले.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो दोन दिवसांत कपाटाखाली गेला. "मी काय धाकला पोर शे?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

माझा भाऊ तेव्हा जळगावला हॉस्टेलवर राहून शिकत होता आणि त्याचा टीव्हीवर खेळायचा गेम घरीच पडून होता. त्यातला रणगाड्यांचा खेळ आम्ही दोघं पूर्वी तासन्‌तास खेळायचो. एका दुपारी धूळ पुसताना माझ्या लक्षात आलं, की रिमोटवर रणगाडा वळवायची सगळी बटणं डाव्या अंगठ्याखाली येतात. उजव्यानं नुसती गोळी मारायची. ही अक्कल मला सुचली याचा मला अजून अभिमान आहे. पुढे जे केलं त्याचा नाही.

खेळ साधा होता. खाली विटांच्या भिंतीआड आपला किल्ला, वरून शत्रूचे रणगाडे येणार, ते किल्ल्यापर्यंत पोचायच्या आत उडवायचे. पहिल्याच दिवशी नानांचा रणगाडा वेळेत वळेना आणि त्यांच्याच गोळीनं त्यांचाच किल्ला पडला. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. हा गेमही आता कपाटाखाली जाणार, अशी मला भीती वाटली.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून दुसरा रिमोट मी घेतला. शत्रू वर दिसला रे दिसला की मी उडवायची. नाना खाली किल्ल्यापाशी उभे राहून मधूनमधून गोळी मारायचे. पहिलं मैदान सर झालं की मी म्हणायची, "संपला गेम," आणि उठून बंद करायची. पुढच्या मैदानांत नद्या होत्या, न फुटणाऱ्या भिंती होत्या, शत्रू दडून बसेल अशी झाडी होती. मला तर ती झाडी आधीपासून निव्वळ लबाडी वाटायची. भाऊ म्हणायचा, झाडी आहे म्हणून तर गेम भारी आहे, पहिल्या झटक्यात जिंकता येतो तो कसला गेम. नानांना मी यातलं काहीच दाखवलं नाही.

नाना रोज जिंकायला लागले, जेवायला लागले, आणि मुख्य म्हणजे मतं द्यायला लागले. घाऊक बाजारातल्या डाळीसारखा त्यांनी तो गेम पारखला. आपल्या गोळीनं आपला किल्ला पडतो, हे त्यांना फार पटलं होतं; हरलो तर चूक कोणाची ते लगेच कळतं, लपवाछपवी नाही, म्हणून. पण सगळं रोज तेच तेच, ही त्यांची तक्रार कायम होती. "बठ्ठं रोज तेच का शे? बनाडणारा आळशी शे." मी मान डोलवायची. त्या बिचाऱ्या बनवणाऱ्याची दोन महिने माझ्यामुळे बदनामी चालली होती.

दिवाळीला भाऊ घरी आला, तेव्हा नानांनी हीच तक्रार त्याच्यापाशी केली. तो हसला आणि त्यात तीस-पस्तीस मैदानं आहेत, एकाहून एक अवघड, असं सांगून फराळाला निघून गेला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपणहून टीव्हीसमोर बसले. "नदीवालं लाव. आनि तुना रिमोट खाली ठेव."

मी ठेवला. ते पुन्हा पुन्हा हरत राहिले. मधेच म्हणाले, "तू माले सांगं का नही?"

मी खरं ते सांगितलं. तुम्ही हरलात त्या दिवशी जेवला नाहीत, मला भीती वाटली.

त्यांनी जरा विचार केला. "मंग इतला दिन तूच खेळनी. मी नुसता बठेल व्हतू."

आपण नुसते बसून होतो, या त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. दोन महिने मी त्यांच्या अंगठ्यापर्यंत काही येऊच दिलं नव्हतं. आता शत्रू नदीच्या दोन्ही बाजूंनी येत होता आणि त्यांना वळावंच लागत होतं. अंगठा थरथरत डावीकडून उजवीकडे सरकायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. तो पुढे कधी पुरता सुधारला नाही. पण त्या दुपारी तो पहिल्यांदा हलताना मी पाहिला, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता त्याच्या आड मीच बसले होते, हेही तेव्हाच कळलं. मला रडू आवरेना.

किल्ला पुन्हा पडला, त्यांच्याच हातून. नानांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"रडू नको. आते हारस तो मीच शे," ते म्हणाले. "परत लाव."