मढच्या किनाऱ्यावरून कृत्तिकांचं धुकं

आरसा तिसऱ्यांदा घासून झाला आणि मी ठरवलं, याची परीक्षा मुलुंडला नको. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे आमच्या गच्चीवरून चांदण्या विझल्यासारख्या दिसायच्या. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. दुर्बिणीचा सहा इंची आरसा मी घरीच काच घासून बनवत होते. दोनदा आकार बिघडला होता.

"या वेळी नाही जमलं तर सोडून देईन," मी नवऱ्याला सांगून टाकलं.

सुरेश म्हणाला, "मढला जाऊ. अमावस्या आहे, अंधार झकास मिळेल. वाट लागलीच तर मासे तरी खाऊ!"

मालवणच्या माझ्या सासूबाई लगेच चपला घालून तयार.

बस बदलत अंधेरी, तिथून वर्सोवा. पुढे होडी; तिला तेव्हा चिल्लर पुरायची. दुर्बिणीची लांब नळी बघून एक कोळीण म्हणाली, "तोफ हाय का गो?" तिच्याच घरी आमचा मुक्काम ठरला. दिवेलागणीला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाऊन आम्ही वाळूवर आलो.

कृत्तिका डोक्यावर होत्या. मी नळीला डोळा लावला. ताऱ्यांभोवती धुकं! "तेजोमेघ!" मी ओरडलेच.

सासूबाईंनी डोळा लावला आणि हाताने नळी भलतीकडेच फिरवली. "गो, माका तर सगळ्या चांदण्यांभोवती धुकां दिसतां."

मी घाईने नळी वळवली. रोहिणीवर रोखली, तर तिच्याभोवतीही तेच. आरसा पुन्हा फसला?

सुरेशनं डोळ्याजवळच्या भिंगावर बोट फिरवलं. "अगं, दव आहे हे!"

भिंग पुसलं, मुठीत धरून ऊबदार केलं. आता रोहिणी लख्ख, टोकदार. मग कृत्तिका. बाकी तारे स्वच्छ, पण एकापासून खाली धुळीचा फिकट पदर पसरलेला, हाच खरा तेजोमेघ. ती धूळ स्वतः जळत नाही, ताऱ्याचा उजेड अंगावर घेऊन चमकते. फोटोत निळी, डोळ्यांना राखाडी. मृगातल्या बाणाखाली तर अख्खा ढग, आणि त्याच्या पोटात चार इवले तारे. अशाच वायू-धुळीतून जन्मलेले. मी रडत होते की हसत होते, आठवत नाही.

तुम्हाला जायचं असेल, तर थंडीतली अमावस्या गाठा आणि सुती फडकं न्या. मात्र आता मढही उजळलंय. शहरापासून लांब जा.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला पोचलो, तर शेजारीण दारातच. "काय बघितलंत एवढं?"

सासूबाई म्हणाल्या, "तारे जल्माक येतत तो ढग. माझ्या सुनेन केलेल्या आरशातसून."

त्यानंतर पुष्कळ आकाशं पाहिली. पण 'माझ्या सुनेन' म्हणतानाचा त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.