सांकोचोला मीठ कमी होतं

कागुआन नदीकाठच्या ला तिग्रेरा गावात ओतिलियाबाईला कुणीच धड वाटत नसे. पाद्री मिळमिळीत, नगराध्यक्ष चोर, आणि बंदुका टाकून गावाशेजारी राहायला आलेले बंडखोर म्हणजे कोंबड्या पाळणारे खुनी. त्यांच्यातल्याच आर्सेसिओने तिच्या भावाला, नावाडी लिसान्द्रोला, घरातून उचलून नेलं होतं. प्रेतही मिळालं नव्हतं.

बंडखोरांचा सरकारशी शांतता करार झाल्यावर राजधानी बोगोताहून एक प्राध्यापक आले. नव्या चालीरीती समाजात कशा रुजतात, हे त्यांचं शास्त्र. माणसं उपदेशाने बदलत नाहीत, ज्याला मानतात त्याचं अनुकरण करतात, असं ते सांगत. गावात चौकशी करून त्यांनी ओतिलियालाच निवडलं. लोक तिला टरकून होते. साहेबांना तो मान वाटला. बंडखोरांनी चौकात सांकोचो, म्हणजे मांस-कंदांचा रस्सा, रांधायचा आणि तिने सगळ्यांदेखत जेवायचं, एवढंच मागणं होतं.

"म्हणजे मी कळपापुढची मेंढी," ती म्हणाली. पण नाही म्हटलं तर आर्सेसिओला भ्याली असं झालं असतं. ती गेली. त्याने वाढलं, तिने खाल्लं, मीठ कमी आहे म्हणाली आणि घरी आली.

महिनाभरात गाव बंडखोरांशी बोलायला लागलं. कालपर्यंत ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांनाच बायका युकाचे कंद विकू लागल्या. ओतिलियाला शिसारी आली. जो येईल त्याच्यापुढे वाकणारी ही जात! मग लिसान्द्रोची विधवा नूबियाच आर्सेसिओकडची अंडी घेऊन आली.

"तुम्ही त्याच्या हातचं जेवलात, वन्सं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचं मन निवळलं."

गाव आणि बंडखोर मिळून ओढ्यावर पूल बांधणार होते. त्यासाठी सभा भरली, तेव्हा ओतिलिया उभी राहिली.

"मी त्याला माफ केलेलं नाही आणि मरेपर्यंत करणार नाही. जेवले, म्हणजे फक्त जेवले."

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. आता सभा उधळणार, असं तिला वाटलं. पण बेकरीवाला एर्मोहेनेस उठला. माफ त्यानेही केलं नव्हतं, पण पुलाला लाकूड कोण आणणार, असं त्याने विचारलं. त्यामागोमाग चारपाच जण तेच बोलले. लाकूड आर्सेसिओने आणलं.

"मी थुंकले तरी हे रांगेत उभे राहून थुंकतील," ती नूबियाला म्हणाली.

पूल झाल्यावर आर्सेसिओ तिच्या दारात आला. माफी मागायला आला असशील तर चालू लाग, असं तिने बजावलं.

"जागा दाखवायला आलोय," तो म्हणाला. "तुम्ही माफ करणार नाही हे कळलं, म्हणून येता आलं. नाहीतर तो माफीचा सौदा झाला असता."

नदीच्या वरच्या अंगाला, सेइबाच्या झाडाखाली, लिसान्द्रोची हाडं निघाली. कमरेचा पट्टा नूबियाने ओळखला आणि ती तिथेच बसली. ओतिलियाने आर्सेसिओचे आभार मानले नाहीत. भावाची हाडं तिने स्वतः चादरीत गुंडाळली, कुणाला हात लावू दिला नाही.

दफनाला अख्खं गाव तिच्या अंगणात लोटलं. प्राध्यापकही काळा कोट घालून आले. ज्या दिवशी लिसान्द्रोला नेलं, त्या दिवशी गावातल्या एकानेही दार उघडलं नव्हतं. तिने कुणालाच बसा म्हटलं नाही.