आधी विळा घमेल्यात

लोखंडी घमेलं कमरेवर धरून ती आमच्या ऑफिसच्या दारात उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायची, "आधी विळा टाक. मग तोंड उघड."

विळा घमेल्यात पडल्याचा खण्ण आवाज आला की ती बाजूला सरायची. कुणी आढेवेढे घेतले तर सरळ कानाखाली. मग तो मजूर असो, शेतमालक असो, नाहीतर पंचायतीचा मेंबर. तुम्ही म्हणाल, समाजसेवेच्या कामात हे असलं काय? अहो, मीही तेच म्हणायचो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नव्या बंदराजवळ, द्रोणागिरीकडे, कंटेनरची गोदामं अजून यायची होती. जमिनी कागदावर सरकारकडे गेल्या होत्या, पण भराव टाकणारी मशिनं येईपर्यंत लोक भात लावतच होते. गावातल्या पोरांना बंदरात, कंपनीत नोकऱ्या हव्या होत्या, शेतात वाकायला कोण तयार? म्हणून कापणीला कर्जतच्या डोंगरातून कातकऱ्यांच्या टोळ्या यायच्या, बायकापोरांसकट. आमची छोटी संस्था मालकांना माणसं आणि माणसांना काम मिळवून द्यायची. त्यांना राहायला छप्पर, प्यायला पाणी, आजाऱ्याला दवाखाना मिळतोय ना, हेही बघायची. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी आलेला. ती शेजारच्या गावातली आगरी विधवा. थोडी शेती स्वतः कसणारी, त्यामुळे मालकांची नस तिला ठाऊक आणि मजुरांचा तिच्यावर जीव. सगळे तिला बाय म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात मी तिचा मार खाल्ला. एक मालक आणि एक मजूर ऑफिसातच एकमेकांच्या उरावर बसले होते. मी मधे पडलो. बाय आली आणि तिनं तिघांनाही बडवलं.

"अहो बाय, मी सोडवत होतो!"

"मना काय ठाव? तिघं होतात, तिघांना दिलं."

मी राजीनामा लिहायला बसलो. तिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर ठेवली. "आधी जेव. मग रागव." मी रागातच जेवलो, वर आणखी एक भाकरी मागितली आणि राजीनामा राहिला तो राहिलाच.

विळ्यांचं एवढं वेड का, हे तिनं एकदा भाकऱ्या थापता थापता सांगितलं. "माझा दादूस, सख्खा भाऊ, खळ्यावर विळ्यानं गेला. दोन शब्दांचं भांडन होतं रे. विळा हातात नसता तर दोन थोबाडीत बसल्या असत्या, जिवंत राहिला असता." एवढं बोलून तिनं परातीवर भाकरी अशी आपटली की पीठ माझ्या डोळ्यात गेलं.

आता ती दुपार. सांगतानासुद्धा माझं रक्त तापतं.

त्या भागातल्या सगळ्यात मोठ्या मालकाकडे एक टोळी कापणीला होती. टोळीचा पुढारी एक तरणाबांड माणूस, हसरा, कामाला वाघ. वाडीवरून निरोप आला की त्याची आई आता जगत नाही. टोळी निघाली. तर मालकाची शेतं अजून उभी, भात पिकून गळायला लागलेलं, आणि मशिनं कधी येऊन थडकतील याचा भरवसा नाही. त्यानं काय करावं? त्या पुढाऱ्याच्या बायकोला पेंढ्याच्या खोलीत कोंडलं आणि कुलूप घातलं. "कापणी संपव, बायको घेऊन जा."

टोळी विळे घेऊनच आमच्याकडे धावत आली. त्या माणसांचे डोळे बघून मी भिंतीला टेकलो. बाय दारात, घमेलं कमरेवर.

"बाय, आज नाय टाकनार," पुढारी म्हणाला.

"टाक. तुझी बायको मी आनते. मी पुढं चालते, तू मागं."

"त्याच्याकडं काठ्या हायेत."

बाय आधी एकटीच मालकाकडे गेली. परत आली ती मान ताठ करून. "एकवीरा आईची शपथ घेतली त्यानं. काठीला हात लावनार नाय. आई वर बसली हाय."

त्या भागात ही शपथ मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पुढाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्या विळ्याच्या मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली होती. त्यानं तो टाकला नाही, जपून घमेल्यात ठेवला. मागोमाग सगळ्यांनी ठेवले.

आम्ही मालकाच्या खळ्यात शिरलो आणि मागे फाटक लागलं. काठ्या पेंढ्याच्या उडवीत लपवलेल्या होत्या. मालकाची माणसं तुटून पडली. रिकाम्या हातांनी माणसं काय करणार हो? डोकी झाकत होती, आणि झाकलेल्या हातांवर काठ्या बसत होत्या. हाडं मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बायच्या खांद्यावर घाव बसला तशी ती मारणाऱ्याच्या मनगटाला चावली, त्याची काठी हिसकावली आणि वेड्यासारखी फिरवत सुटली. "शपथ घेतलीस रे मेल्या! आईची घेतलीस!" मला पोटात एक बसली आणि मी मातीत पडलो. तिथून दिसलं की पुढारी पेंढ्याच्या खोलीकडे धावतोय. मालकानं स्वतः त्याच्या डोक्यात मागून काठी घातली. तो कुलपावर आदळून खाली बसला.

बायनं दगड घेतला, त्या कुलपावर घातला, पुन्हा घातला, कडी उखडली. आतून त्याची बायको बाहेर आली. समोर काय पडलंय ते तिला कळेपर्यंत सगळ्यांच्या काठ्या थांबल्या होत्या.

टेम्पोत त्याचं डोकं बायच्या मांडीवर होतं. दवाखाना यायच्या आत तो गेला.

पोलीस आले, मालकाला धरून नेलं, मग तो जामिनावर सुटून घरी आला. पुढे केसचं काय झालं ते विचारू नका, माझं डोकं फिरतं. टोळी मोडलेले हात घेऊन डोंगरात निघून गेली, विळे न मागताच. भरलेलं घमेलं ऑफिसात पडून होतं. बाय त्याच्यासमोर बसली आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेऊ लागली. मी तिचे हात धरले.

"मी त्यांचे विळे घेतले," ती म्हणाली. "मालकांच्या काठ्या कधी घेतल्या? माझ्या दादूसला विळा लागला, म्हनून मना काठी दिसलीच नाय."

खांदा बरा झाल्यावर ती डोंगरात गेली. मी टेम्पोचं म्हटलं, तर माझ्या अंगावर ओरडली. पायी वाडीवाडी फिरून तिनं ज्याचा विळा त्याच्या हातात दिला. लाल चिंधीचा मात्र परत आला. पुढाऱ्याची बायको झोपडीबाहेर आलीच नव्हती.

पुढच्या हंगामात ऑफिससमोर मालक जमले. बाय दारात उभी. "आधी काठ्या. कमरेचे पट्टे पन." कुरकुर झाली, एकाला कानाखाली मिळाली, मग घमेल्यात काठ्या पडल्या. तेवढ्यात टोळी आली आणि टोळीत ती होती, पुढाऱ्याची बायको. बायनं घमेलं खाली ठेवलं, आतून लाल चिंधीचा विळा आणला, तिच्या हातात दिला आणि तिच्यापुढे मान वाकवून बसली.

"माझ्या शब्दावर तो गेला. हान."

त्या बाईनं अंगठ्यानं धार बघितली. बायच्या मानेकडे बघितलं, मालकांच्या काठ्यांकडे बघितलं. मग पुढे होऊन तिनं विळा त्या काठ्यांच्या शेजारी घमेल्यात ठेवला.

"काम कुठं हाय ते सांग," ती म्हणाली.

बाय हुंदके देऊन रडली. ती रडताना मी तेवढी एकदाच बघितली.

त्यानंतर बरेच हंगाम गेले. दशक सरता सरता बाय तापानं गेली. मी पोचलो तेव्हा तिच्या घरासमोर डोंगरातली माणसं होती, गावातले मालक होते. दारात पुढाऱ्याची बायको उभी होती, घमेलं कमरेवर. कुणी सांगितलं नव्हतं, तरी येणारा प्रत्येक जण हातातलं त्यात ठेवून आत जात होता.

माझ्या पुढे तो मोठा मालक होता. कमरेतून वाकलेला, काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं घमेलं पुढे केलं.

"आधी काठी टाक."

तो उभा राहिला. एकदा आत बघितलं, एकदा तिच्याकडे. काठी काही त्याच्या हातातून सुटली नाही. टेकत टेकत तो आल्या वाटेनं परत गेला.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात छत्री होती. मी ती घमेल्यात ठेवली आणि आत गेलो.