दोन चापान

कनिशायला बसून चहा पिताना गेल्या चार वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घोट घेतले, की निघाली. मुलगी आयझिरेक पाठीवर, हातात पिशवी, आणि पाय मिनीबसच्या थांब्याकडे. नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या तालुक्याच्या गावात, जिच्या दारात ती भांडली नाही अशी एकही कचेरी उरली नव्हती. शेजारणी म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. असणारच. मुलीच्या पायांत यायचा तो जोर सगळा आईच्या पायांत उतरला होता.

आयझिरेक जन्मताना अडली होती. कनिशाय कळा सोसत होती आणि एकटी नर्स "डॉक्टर येतायत, येतायत" एवढंच घोकत होती. बाळ बाहेर आलं ते निळं पडलेलं. पुढे मान धरेना, पाय रोवेना. बिश्केकच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बाळ अडून राहिलं आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला. वेळेवर शस्त्रक्रिया केली असती तर पोर आज पळत असती. आता रोजचा व्यायाम, आधाराचे बूट, चाकाची खुर्ची, तेही जन्मभर. नवरा मॉस्कोत विटा वाहत होता, त्यात काय काय भागणार? म्हणून तिने इस्पितळावर भरपाईचा दावा लावला. पण इस्पितळाच्या कागदांत डॉक्टर तुराटबेक दुपारभर तिच्या उशाशी उभे होते. कागदाला काय, सांगाल तिथे उभं करतो.

हे खोटं आहे असं सांगू शकणारं माणूस एकच, तिची सासू सोनुनबू, घरादाराची आपा. ती त्या दुपारी बाहेरच्या बाकावर बसून होती. पण आपाचं तोंड शिवलेलं. कारण एक चापान.

आनंदाची बातमी आणणाऱ्याला आमच्यात रिकामं पाठवत नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन "नात झाली, दोघी सुखरूप" म्हणाले आणि आपाने स्वतः भरतकाम केलेला मखमली चापान त्यांच्या खांद्यांवर चढवला. तो झगा म्हणजे तिचा दोन हिवाळ्यांचा जीव. कुणीतरी फोटोही काढला.

"ज्याच्या अंगावर चापान घातला त्यालाच कोर्टात खेचू?" आपा म्हणायची. "लोक म्हणतील, म्हातारी दिलेलं परत मागायला आली."

"त्या लोकांना आयझिरेकला पाठीवर घ्यावं लागत नाही ना, आपा!"

"उधळलेल्या घोडीसारखी काय फिरतेस? बस जरा."

"बसले तर उठायची नाही मी."

सुनावणीला आपा आली ती फक्त नातीला मांडीवर घ्यायला. कनिशाय भिंतीलगत येरझाऱ्या घालत होती. न्यायाधीशबाई दोनदा रागावल्या तेव्हा कुठे टेकली, तीही बाकाच्या कडेला. मग इस्पितळाच्या वकिलाने मोठा करून आणलेला फोटो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"तक्रार होती तर हा सन्मान कशाला?" तो हसून म्हणाला. "सगळं व्यवस्थित झालं याच्या साक्षीदार आजीच आहेत. आपा, हा चापान तुमचाच ना?"

कनिशायला वाटलं, आता आपा "हो" म्हणणार आणि चार वर्षांची धावपळ पाण्यात जाणार. आपाने नातीला सुनेच्या मांडीवर दिलं आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली.

"माझाच. ही मेंढ्याच्या शिंगांची नक्षी माझ्याच हातची. पण बाळा, गळ्यापाशी बघ की. कॉलरी दोन आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे आतला माझा नाही. तो सॅटिनचा, तोयच्या मेजवानीत पाहुण्यांना देतात तसला. मला तेव्हाच वाटलं, कुठल्या कंजुषाने ही चिंधी दिली? माझा वरून घातला की झाकली जाईल."

मागच्या बाकांवर हशा पिकला. आपा हसली नाही. ती डॉक्टरांकडे वळली.

"तू मेजवानीतून आलास, तुराटबेक. धावत जिना चढलास, तो झगा काढून माझ्या हातात दिलास नि आत गेलास. मीच धरून बसले होते बाकावर, मटणाचा वास येत होता त्याला. बाहेर आल्यावर तू तो पुन्हा अंगात चढवलास. त्याच्या आधी दुपारभर आतून माझी सून ओरडत होती. मी ऐकत होते. तू नव्हतास."

हशा जागीच विरला. वकील फोटो आवरायला लागला तशा न्यायाधीशबाई म्हणाल्या, "राहू द्या तो तिथेच. डॉक्टर, कुणाकडे होती मेजवानी?"

"आठवत नाही," डॉक्टर म्हणाले. पण कुणाला चापान घातला हे आमच्याकडे कुणी विसरत नाही. यजमान शोधायला फार फिरावं लागलं नाही. पुढच्या तारखेला तो आला आणि डॉक्टरांना त्याच दुपारी जेवणानंतर चापान घातल्याचं मोठ्या अभिमानाने सांगून गेला. बिचाऱ्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. बर्फ वितळायच्या सुमाराला निकाल लागला: दोष इस्पितळाचा, आयझिरेकच्या उपचारांचा खर्च जन्मभर त्यांच्याकडे.

कनिशायला हसावं की रडावं कळेना. ती नुसतीच कोर्टाच्या दारातून आत, आतून दारात करत राहिली. चार वर्षं तोंड मिटून बसल्याबद्दल आपावर तिचा राग होता, आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात पायऱ्यांवर डॉक्टर तुराटबेक समोर आले. हातात घडी घातलेला मखमली चापान.

"आपा, हा... तुमचा."

आपाने नक्षीवरून एकदा बोटं फिरवली आणि घडी पुन्हा त्यांच्याकडे सरकवली.

"दिलेलं मी परत मागत नाही. तू घेतलंस, ते मागायला आले होते."

डॉक्टर आयझिरेकच्या लोंबत्या पायांकडे बघत उभे राहिले. कनिशायने पोरीला पाठीवर वर सरकवलं.

"चला आपा," ती म्हणाली, "व्यायामाची वेळ होईल."